तीस अँपिअरचा वनवास

रामाला वनवासाला धाडताना कैकेयीने त्याला एवढंही विचारलं नाही, की बाबा रे, पंचवटीत तुला ३० अँपिअरची जागा हवी की ५० ची? रथ सरळ आत घालणार की मागे घेत लावणार? सोबत कुत्रं आहे का, असल्यास कोणत्या जातीचं? म्हणून तो बिचारा लगेच निघू शकला. आम्ही डेन्व्हरहून यलोस्टोनला जायचं ठरवलं तेव्हा हे सगळे प्रश्न आम्हाला विचारण्यात आले, आणि आमचा वनवास घरातल्या जेवणाच्या टेबलावरच सुरू झाला.

सांगलीहून सासूबाई आणि अण्णा आले होते. त्यांना अमेरिका दाखवायची होती. पण रोज नव्या हॉटेलात उतरायचं, संध्याकाळी बॅगा उघडायच्या, सकाळी पुन्हा कोंबायच्या आणि मध्ये कुठेही स्वतःच्या हातचा चहा नाही, हे सासूबाईंना मान्य नव्हतं. अशात मराठी मंडळाच्या गुढीपाडव्याला कुणीतरी आरव्हीचं पिल्लू सोडून दिलं. आरव्ही म्हणजे चाकांवरचं वन-रूम-किचन. गॅस, फ्रिज, पलंग, न्हाणी, संडास, सगळं गाडीत. अण्णांना कल्पना एकदम पसंत पडली. सासूबाईंनी मात्र सगळं वर्णन शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं,

"संडास गाडीतच? मग ते जातं कुठे?"

नवरा म्हणाला, "आई, तो तांत्रिक भाग आहे. मी बघतो."

अमेरिकेत आरव्ही उभी करायच्या जागा निवडण्याचं जे शास्त्र आहे, त्याचा उगम याच प्रश्नात आहे. डोंगर, तळी, पाइनची झाडं, सूर्यास्त वगैरे मंडळी माहितीपत्रकाच्या मुखपृष्ठापुरती. आतल्या पानावर माणूस बघतो ते एकच, की पाणी, वीज आणि सांडपाणी या तिन्ही जोडण्या जागेवर आहेत का. तिन्ही असल्या तर त्याला 'फुल हुकअप' म्हणतात. सांडपाण्याची नसेल तर जे साठलंय ते घेऊन डंप स्टेशनपर्यंत जावं लागतं. आणि एकही नसेल तर त्याला 'बूनडॉकिंग' असं नाव देऊन लोक वर अभिमानाने सांगत फिरतात.

नवऱ्याने एक्सेल शीट केली. आमच्याकडे वांगी आणायची झाली तरी शीट होते, पण हिचा थाट काही और होता. जागेची लांबी, उतार, सावली, हायवेपासूनचं अंतर, गरम पाण्याबद्दल लोकांचं मत, वायफाय फलकावर आहे की खरोखर आहे, रात्रीची शांतता किती वाजता सुरू होते, दहा वर्षांपेक्षा जुनी गाडी आत घेतात की नाही. (हो, काही उच्चभ्रू ठिकाणी गाडीचं वय विचारतात. काही ठिकाणी माणसाचं विचारतात, ५५ च्या आतल्यांना तिथे थारा नाही. थोडक्यात, गाडी तरुण हवी आणि मालक म्हातारा.)

रोज रात्री जेवणं आटोपली की तो लॅपटॉप उघडून लोकांची मतं मोठ्याने वाचायचा. एकाच जागेबद्दल एकाने लिहिलेलं असायचं, 'स्वर्ग. पुन्हा येणार.' त्याच्याच खाली दुसऱ्याने, 'आयुष्यातली सर्वात वाईट रात्र.' एका गृहस्थाने एकच तारा दिला होता, कारण झाडावरून त्याच्या गाडीच्या टपावर पाइनची बोंडं पडत होती. पाइनखाली गाडी लावून त्याला वरून हापूस पडायला हवे होते बहुतेक. नवऱ्याचा चांगल्या मतांवर विश्वास नव्हता. ती मालकाच्या मेव्हण्याने लिहिलेली असतात असं त्याचं म्हणणं. वाईट मतांवर मात्र त्याची नितांत श्रद्धा. त्यामुळे संध्याकाळी पसंत पडलेलं कॅम्पग्राउंड झोपायच्या वेळेपर्यंत हमखास बाद व्हायचं.

न राहवून मी म्हटलं, "मला बघायला आलास तेव्हा पोह्यांची बशी रिकामी व्हायच्या आत होकार दिला होतास. एका रात्रीच्या मुक्कामासाठी एवढी चौकशी?"

"तेव्हा लोकांची मतं वाचायची सोय नव्हती," तो स्क्रीनवरून नजर न काढता म्हणाला.

विजेचा विभाग अण्णांनी मागून घेतला. ते पाटबंधारे खात्यातून उपअभियंता म्हणून निवृत्त झालेत, आणि निवृत्त इंजिनिअरला छापील आकडा दिसला की तो तपासल्याशिवाय घास गोड लागत नाही. "३० अँपिअर गुणिले १२० व्होल्ट, ३६०० वॅट. बरोबर. मग ५० चे ६००० व्हायला पाहिजेत. इथे १२,००० लिहिलेत. छपाईची चूक." ५० च्या प्लगमध्ये १२० च्या दोन वेगळ्या तारा येतात म्हणून दुप्पट, हे नवऱ्याने समजावलं. अण्णांनी ते पाकिटाच्या मागे मांडून बघितलं, समाधानाने मान डोलावली आणि आपल्या भाड्याच्या गाडीचा प्लग ३० चाच आहे हे कळल्यावर चुकचुकले.

३६०० वॅटचा संसारातला अर्थ मला रस्त्यावर कळला. एसी चालू, मायक्रोवेव्हमध्ये भात, आणि त्यात कुणी चहाची इलेक्ट्रिक किटली लावली की सगळं एकदम गप्प. दिवे तेवढे बॅटरीवर असल्यामुळे चालू राहतात, एकमेकांचे चेहरे दिसावेत म्हणून. सांगलीत भारनियमन व्हायचं तेव्हा वेळापत्रक तरी पेपरात यायचं.

पहिल्या मुक्कामाच्या जागेला शीटमध्ये सर्वाधिक गुण होते. सावली भरपूर, हायवे लांब, तिन्ही जोडण्या, कुत्र्यांना वेगळी बाग. दक्षिण वायोमिंगमधून जाताना नवऱ्याने अण्णांना मोठ्या कौतुकाने सांगितलं होतं, की अमेरिकेच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जाणारी पहिली रेल्वे १८६९ मध्ये पूर्ण झाली, ती याच मुलखातून गेली. ती रेल्वे आणि आमची उशी यांच्यातल्या अंतराचा रकाना मात्र शीटमध्ये नव्हता. अमेरिकेत रस्त्याचं फाटक आलं की इंजिनाने भोंगा वाजवायचा असा नियम आहे. दोन लांब, एक आखूड, एक लांब, आणि शेवटचा इंजिन फाटकात शिरेपर्यंत ताणायचा. फाटक कॅम्पग्राउंडच्या दारात होतं आणि मालगाडी मैलभर लांब. पहिल्या भोंग्याला सासूबाई ताडकन उठून बसल्या आणि पिशवी चाचपत म्हणाल्या,

"मिरज आलं का?"

"नाही आई, झोपा."

अर्ध्या तासाने उलट दिशेची गाडी आली. त्यानंतर त्या झोपल्या नाहीत. न जाणो, मिरज चुकलं तर?

सकाळी नवऱ्याने मालकाकडे विषय काढला. मालक प्रामाणिकपणे बुचकळ्यात पडला. "ट्रेन? कुठली ट्रेन?" त्याची कीव करावी की हेवा, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. त्याच्याच माहितीपत्रकात, आम्ही न वाचलेल्या शेवटच्या पानावर, 'रेल्वेप्रेमींसाठी पर्वणी' अशी ओळ होती. तसा त्याचा तरी काय दोष. कॅम्पग्राउंड काढायला पंधरा-वीस एकर जमीन लागते, आणि ती परवडते कुठे, तर रुळांच्या, हायवेच्या नाहीतर विमानतळाच्या कुशीत.

पुढचा मुक्काम लांबचा होता. आठवड्याचा दर रोजच्या दरापेक्षा स्वस्त पडतो, म्हणून टेटन पर्वताच्या अलीकडे एका ठिकाणी आम्ही आठवडाभर तळ ठोकायचं ठरवलं. जागा दोन तऱ्हेच्या असतात. 'पुल-थ्रू'मध्ये गाडी एका बाजूने घालायची आणि दुसऱ्या बाजूने बाहेर काढायची, कुणाच्या अब्रूला धक्का नाही. 'बॅक-इन'मध्ये ती मागे घेत लावावी लागते. बॅक-इन थोडी स्वस्त असते, आणि नवरा कोकणस्थ नसला तरी सांगलीचा आहे.

अमेरिकन माणूस दुसऱ्याच्या खासगी गोष्टींत डोकावत नाही, असं मी इतकी वर्षं ऐकत आले होते. त्याला परक्याची ३० फुटी आरव्ही मागे येताना दाखवावी. आम्ही वळलो आणि दोन्ही बाजूंचे लोक घडीच्या खुर्च्या, थंड पेयं आणि आपापली कुत्री घेऊन बाहेर येऊन बसले. अण्णा उतरून मागे गेले आणि सांगली स्टँडच्या सुरात, गाडीच्या पाठीवर थापा मारत सुरू झाले, "येऊ दे, येऊ दे, येऊ दे..." दुसऱ्या बाजूने सासूबाई ओरडत होत्या, "थांब, झाड! अरे थांब!" चिरंजीव फोनवर चित्रीकरण करत मधूनच "डॅड, स्टॉप" म्हणत होते, पण तेही हसण्याच्या उबळीतून. मी पुढे उभी राहून हातवारे करत होते; त्यांचा अर्थ मलाही सांगता आला नसता. गाडीचं मागचं टोक विजेच्या खांबाजवळ पोचलं तेव्हा पलीकडून एक चड्डीतले आजोबा संथ पावलांनी आले. नवऱ्याला आरशात दिसतील असे उभे राहिले, दोन बोटं हलवली, एकदा मूठ मिटली. गाडी जागेवर. खुर्च्यांवरून टाळ्या पडल्या.

"मी तेच सांगत होतो," अण्णा म्हणाले.

आजोबा नेब्रास्काचे होते. घर विकून बायकोबरोबर बारा महिने आरव्हीत राहायचे. त्यांचा उन्हाळा इथे मासिक भाड्यावर जायचा, विजेचं मीटर वेगळं. गाडीपुढे हिरव्या प्लास्टिकचं गवत अंथरलेलं, त्यावर गुलाबी प्लास्टिकचे फ्लेमिंगो, आणि गवतावर पाय ठेवण्याआधी बूट काढावेत अशी पाटी. अण्णांचं त्यांच्याशी जमलं ते मात्र गवतामुळे नव्हे, सांडपाण्यामुळे.

आरव्हीच्या पोटात दोन टाक्या असतात. न्हाणीच्या आणि भांड्यांच्या पाण्याची ग्रे टँक. आणि ज्याबद्दल सासूबाईंनी विचारलं होतं ती ब्लॅक टँक. आधी ब्लॅक सोडायची, मग ग्रे, म्हणजे साबणाच्या पाण्याने पाइप धुऊन निघतो. पाइपाच्या तोंडाशी पारदर्शक कोपरा बसवतात, आत काय चाललंय ते दिसावं म्हणून. आता हे कुणाला बघायचं असतं, असा प्रश्न तुम्हाला पडला असेल. अण्णांना. हातात रबरी मोजे चढवून ते त्या कोपऱ्याजवळ उकिडवे बसले आणि एकाएकी गंभीर झाले. "उतार कमी पडतोय." पाइपाखाली त्यांनी चुलीची लाकडं एकेक करून सरकवली. नेब्रास्काचे आजोबा वाकून बघू लागले. अण्णा म्हणाले, "क्वार्टर इंच पर फूट." आजोबांनी मान हलवली, "क्वार्टर इंच पर फूट." दोघांनी पाइपावरूनच हात मिळवले. आजोबा आयुष्यभर प्लंबिंगची कंत्राटं घेत होते असं मग कळलं. त्यानंतर अण्णा आम्हाला जेवणापुरते भेटायचे.

त्याच संध्याकाळी गाडी समतल आहे की नाही यावर वाद झाला. आरव्हीतला गॅसवर चालणारा फ्रिज गाडी तिरपी असली की नीट थंड करत नाही. नवरा फोनवरच्या ॲपमध्ये बुडबुडा शोधत होता; अण्णांनी ओट्यावर फुलपात्र ठेवलं, काठोकाठ पाणी भरलं आणि ते कुठून सांडतं ते बघून डाव्या चाकाखाली ठोकळा घालायला लावला. ॲपने पाच मिनिटांनी तेच सांगितलं.

सासूबाईंचा प्रश्न वेगळा होता. त्यांनी सकाळी सुती साडी धुतली, दोन पाइन हेरले आणि पिशवीतून सुतळी काढून दोरी बांधली. साडी अर्धी पसरते न पसरते तोच कॅम्प होस्ट गोल्फच्या गाडीतून हजर. कॅम्प होस्ट म्हणजे फुकट जागेच्या बदल्यात देखरेख करणारा मुक्कामी. त्याने टोपी काढून अतिशय अदबीने सांगितलं, की बाहेर कपडे वाळत घालायला इथे मनाई आहे, शिवाय झाडाला काही बांधायचं नाही.

"का म्हणे?" सासूबाईंनी मला विचारलं.

"निसर्गाचं सौंदर्य बिघडतं, आई."

सासूबाईंनी शांतपणे समोरच्या गुलाबी फ्लेमिंगोंकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि दोरी सोडली. ती साडी मग स्टीअरिंगपासून सुरू होऊन दोन खुर्च्यांवरून न्हाणीच्या दारापर्यंत आतल्या आत वाळली. आम्ही दुपारभर तिच्याखालून वाकून ये-जा केली. त्या वाकण्यातच कुणीतरी मिरचीची फोडणी दिली आणि धुराचा अलार्म कोकलला. त्याला गप्प करायला पुन्हा साडीच मदतीला आली.

यलोस्टोनच्या आत तिन्ही जोडण्या असलेलं कॅम्पग्राउंड एकच आहे, फिशिंग ब्रिज. लोक तिथलं बुकिंग वर्षभर आधी करतात. पुढच्या जुलैत आपण असू आणि बायकोही सोबत असेल याची ज्यांना खात्री आहे असे लोक. आम्हाला जागा मिळाली ती कुणीतरी रद्द केल्यामुळे. नवरा निघण्याआधी रात्ररात्र लॅपटॉपसमोर ठाण मांडून बसायचा, कुणाचा बेत कोसळतो याची वाट बघत. "असं दुसऱ्याच्या वाइटावर टपून बसू नये रे," सासूबाई म्हणायच्या, पण जागा मिळाल्यावर त्यांनीच देवापुढे साखर ठेवली.

पार्कच्या फाटकावर अण्णांनी ज्येष्ठ नागरिकांची सवलत मागितली. सवलत आहे, ६२ च्या पुढे ८० डॉलरमध्ये जन्मभराचा पास, कॅम्पिंगही बऱ्याच ठिकाणी अर्ध्या दरात. पण ती इथल्या नागरिकांना आणि ग्रीन कार्डवाल्यांना. अण्णांनी पंचाहत्तरी ओलांडलेली. "आमची एसटी मला २०२२ पासून फुकट नेते," त्यांनी रेंजरला सांगितलं. रेंजर म्हणाली, "वंडरफुल!" आणि पुढच्या गाडीकडे बघू लागली.

फिशिंग ब्रिजवर मासेमारीला १९७३ पासून बंदी आहे. चिरंजीवांना ही फसवणूक वाटली. अण्णा म्हणाले, "आपल्या विश्रामबागेत तरी कुणाला विश्रांती मिळते?" मासे अजून आहेत आणि अस्वलांचाही त्या भागात राबता आहे. म्हणून तिथे तंबू चालत नाही, कापडी भिंतींची गाडीही चालत नाही, भिंत कडकच हवी. सासूबाईंनी आमच्या आरव्हीच्या भिंतीवर बोटाने टकटक केली. डब्यासारखा पोकळ आवाज आला. "याला कडक म्हणतात?" वासाचं काहीही बाहेर ठेवू नका, असा नियम. सांगलीहून आलेल्या भडंगाची पिशवी अण्णांनी ताऱ्यांखाली सोडली तेव्हा आतून कुजबूज ऐकू आली, "अहो, लसूण आहे त्यात! आत या, नाहीतर त्यालाही द्यावं लागेल."

परतीच्या एका रात्री कुठेच जागा मिळेना. शेवटी मॅनेजरला विचारून आम्ही एका वॉलमार्टच्या पार्किंगमध्ये गाडी लावली. काही दुकानं मुक्कामाला परवानगी देतात, पैसे नाहीत, जोडण्याही नाहीत. शीटमधल्या सगळ्या निकषांवर भोपळा. सासूबाईंनी आत जाऊन दही, कोथिंबीर आणि झाडू आणला, दिव्यांच्या लख्ख उजेडात शतपावली केली, अस्वल नाही, रेल्वे नाही, रिव्हर्स नाही.

"इतकी चांगली जागा तुझ्या कागदात कशी नव्हती रे?" त्यांनी विचारलं. नवरा काही बोलला नाही.

नेब्रास्काच्या आजोबांनी निघताना अण्णांना एक पत्ता दिला होता. थंडीत ते ॲरिझोनात, क्वार्ट्झसाइट नावाच्या गावाजवळच्या सरकारी वाळवंटात असतात. एरवी सरकारी मोकळ्या जमिनीवर साधारण १४ दिवस राहू देतात आणि मग पुढे हलवतात. पण तिथे परवाना काढला की १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल मुक्काम करता येतो. मुक्कामाची जागा ते कशी निवडतात, असं नवऱ्याने त्यांना वही उघडून विचारलं होतं. आजोबा म्हणाले होते, जवळच्या गावात पाय चांगला मिळत असला की झालं. नवऱ्याने त्याच रात्री शीटमध्ये सफरचंदाच्या पायचा रकाना घातला.

डेन्व्हर जवळ आलं तेव्हा अण्णांनी तो पत्ता खिशातून काढला. "सात महिने. एकाच परवान्यावर."

"अण्णा, तुमचा व्हिसा सहा महिन्यांचा आहे."

"मग सहा."

"तिथे झाडं आहेत का?" सासूबाई.

"वाळवंट आहे, आई. झाडं नाहीत, पाणी नाही, वीज नाही, ड्रेनेज नाही. काही म्हणजे काही नाही."

अण्णांनी चष्मा पुसला. "म्हणजे कामाला भरपूर वाव आहे."